सफेदीला दोन माणसे लागतात

३ मार्च

ती. शिडवाले आजोबांना,

भिंगरीचा वाकून नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी कप्तानाची नात. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा माझा जन्मसुद्धा झालेला नव्हता. आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तुमचा पत्ता सापडला. तीन पत्ते खोडलेले, चौथा हा. म्हणजे तुम्ही घर बदललं की ते कुणाला तरी विचारून घेत असणार. पत्र मात्र त्यांनी लिहिलेलं दिसत नाही, आणि तुमचंही कधी आलेलं घरात कुणाला आठवत नाही.

३० मार्चला आजोबांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी त्यांची नाव घेऊन आम्ही समुद्रात जाणार आहोत, मागे आणखी सहा नावा. संध्याकाळी परत यायचं ते नव्या बंदरातून नाही, तर त्यांच्या जुन्या वाटेने. आम्ही आत शिरलो की चर्चची नवी घंटा पहिल्यांदा वाजेल. सुकाणू माझ्या हातात असेल. दिवसा मी शाळेत गणित शिकवते, पण सुकाणू मला त्यांनीच शिकवलंय, तेव्हा काळजी नसावी.

जुनी वाट गेल्या चाळीस वर्षांत कुणी वापरलेली नाही. आजोबांच्या वहीत एकच ओळ आहे : "घंटाघराचे टोक पांढऱ्या दगडाच्या बरोबर खाली धरावे, म्हणजे करवत टळते." करवत म्हणजे ती पाण्याखालची दातेरी खडकांची रांग, एवढं मला माहीत आहे. घंटाघर आहे तिथेच आहे. डोंगरावरच्या दगडाची सफेदी गेलीय, ती आम्ही नव्याने करू.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, आजोबांची एखादी आठवण लिहून पाठवाल का? मला त्या दिवशी बोलायचं आहे, आणि जुनी माणसं आता तुमच्याशिवाय कोणी नाहीत. दुसरी जरा अवघड आहे. नव्या घंटेवर आजोबांचं नाव कोरायचं समितीत निघालं, तेव्हा आत्या उभी राहिली. आत्या म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाची मुलगी, तिची लॉन्ड्री आहे, वेदीची वस्त्रं तीच धुते. ती म्हणाली, "ज्याने माझ्या बापाला खडकावर घातलं त्याच्या नावाची घंटा वाजली, तर मी कानात बोळे घालीन." आजोबांनी स्वतःच आयुष्यभर सांगितलं होतं की त्या संध्याकाळी सुकाणू त्यांच्याकडून चुकलं. पण माझा विश्वास बसत नाही. तुम्ही तेव्हा होतात. खरं काय झालं?

तुमची,
भिंगरी

९ मार्च

चिरंजीव भिंगरीस,

शिडवाल्याचे मनःपूर्वक आशीर्वाद. तुझे पत्र काल मिळाले. माझी शाळा चौथीत संपली, त्यामुळे अक्षर वळणदार नाही. परंतु शुद्धलेखनास हसण्याची संधी मी कोणास दिलेली नाही व तू शिक्षिका असलीस तरी तुलाही देणार नाही.

कप्तान गेल्याचे मला त्याच वेळी समजले होते. मी आलो नाही. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

आठवण मागितली आहेस. तुझे आजोबा कोणत्याही जहाजाचे कप्तान नव्हते, हे तुला ठाऊक असेलच. ही पदवी त्यास फादरांनी चेष्टेने दिली. तो रविवारी चर्चच्या दारात उभा राहून मंडळींना बाकांवर असा बसवी, की जणू नाव एका बाजूस कलेल. "जाड माणसांनी दोन्हीकडे वाटून बसा," असे तो मोठ्याने म्हणे. त्या वेळचे फादर लांब बोलत. एकदा तो त्यांना सर्वांदेखत म्हणाला, "फादर, प्रवचन आणि भरती वेळेत संपली पाहिजेत, नाहीतर माणसं चिखलात बसतात." फादर हसले, आणि पुढील रविवारपासून घड्याळ समोर ठेवू लागले. चर्चचे बाक त्याने नावेच्या रोगणाने रंगविले होते. उन्हाळ्यात प्रार्थनेस गुडघे टेकले की उठताना कपडे चिकटत. त्याबद्दल बायकांनी त्यास किती बोलून घेतले, ते लिहिण्याजोगे नाही.

आजारी माणसास पलीकडच्या काठावरील डॉक्टराकडे न्यावयाचे असल्यास तो वारा पाहत नसे, फक्त टोपी काढून एक क्षण उभा राही. मी त्याची शिडे शिवीत असे. त्या काळी डोंगरावरील दगडाची सफेदी दर वर्षी आम्ही दोघे करीत असू. सफेदी ओली असता खिळ्याने खूण करावयाची, अशी आमची रीत होती : तो क्रूस काढी, मी सुई. एका वर्षी गंमत म्हणून खुणांची अदलाबदल केली. त्याने काढलेली सुई माशासारखी जाड निघाली. मी त्यास आठवडाभर चिडविले.

दुसऱ्या प्रश्नाविषयी : त्या संध्याकाळी मी नावेवर नव्हतो, धक्क्यावर होतो. कप्तान जे बोलला ते त्याचे बोलणे. मी त्यात भर घालीत नाही.

जुन्या वाटेने मात्र जाऊ नये. नवे बंदर सरकारने उगाच बांधलेले नाही.

शुभचिंतक,
शिडवाला

१४ मार्च

ती. शिडवाले आजोबांना,

भिंगरीचा नमस्कार. बाकांची गोष्ट वाचून आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बाक अजून आहेत आणि अजून चिकटतात.

पण तुम्ही माझ्या प्रश्नाला बगल दिलीत, हे मला कळतं. वर्गात मुलं अशीच उत्तरं देतात : वही भरलेली, गणित राहिलेलं. असो.

जुनी वाट सोडायचं आता शक्य नाही. सगळ्यांना निरोप गेलेत. आणि एक आनंदाची बातमी : दगड सापडला! डोंगरावर झाडी माजलीय, पण सगळ्यात मोठा दगड, खोलीएवढा, समुद्राकडे सपाट तोंडाचा, लांबूनही उठून दिसतो. त्याच्या बगलेत एक खोबण आहे, तिथे पाऊस पोचत नाही. तिथे जुन्या सफेदीची खपली अजून आहे. तुमचं पत्र वाचून मी पुन्हा वर गेले आणि बॅटरी घेऊन बघितलं. आजोबा, तुमची सुई तिथे आहे! बारीक, लांब, दोऱ्यासकट. क्रूस काही दिसला नाही, तो उघड्या बाजूला असेल आणि धुऊन गेला असेल.

मी त्या सुईवर बोट ठेवून बसून राहिले. रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही बाराजण वर गेलो आणि तो दगड पांढराशुभ्र केला. आता घंटाघराच्या टोकावर तो असा बसतो की बास.

आत्या आली नाही. मी बोलवायला गेले तर इस्त्री न थांबवता म्हणाली, "जा तू. तुझ्या आजोबांच्या वाटेने जाऊन माझा बाप परत येणार असेल तर मला हाक मार."

म्हणून पुन्हा विचारते. तुम्ही धक्क्यावर होतात. काय पाहिलंत?

भिंगरी

१८ मार्च

चिरंजीव भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र मिळताच मोठ्या दगडावरील सफेदी खरवडून काढावी. तो दगड आपला नव्हे. खरा दगड त्याच्या उत्तरेस बारा पावलांवर आहे, आकाराने शेळीएवढा, वरून किंचित चपटा. तो मातीखाली गेला असण्याचा संभव आहे, शोधावा लागेल.

घंटाघर आणि डोंगर यांत अंतर थोडे, व करवत समुद्रात दूर. डोंगरावर बारा पावले चुकली, तर तेथे पन्नासहून अधिक पावलांची चूक होते. वाटेची रुंदी चाळीस पावले आहे. गणित तू जाणतेस.

मी सांगतो आहे एवढे पुरेसे मानावे. माझे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि मी विनाकारण कागद खर्च करीत नाही. शक्य असल्यास जुन्या वाटेचा नाद पूर्णपणे सोडावा.

पत्र मिळाल्याचे उत्तर ताबडतोब धाडावे.

शिडवाला

२२ मार्च

ती. शिडवाले आजोबांना,

नमस्कार. तुमचं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून वाचलं, पण मला तोंडघशी पडावं लागलं.

पहिल्यांदा आम्ही उत्तरेला बारा पावलं मोजली. तिथे दगड नाही. करवंदीसारखी काटेरी झुडपं आणि माती. किराणा दुकानदार, जो समितीचा खजिनदार आहे, तो म्हणाला, "म्हाताऱ्याला शेळी आठवतेय, दगड नव्हे." सगळे हसले. मोठ्या दगडावर जुनी सफेदी आहे. तिच्यावर तुमची स्वतःची सुई आहे. हे मी तुमच्या म्हणण्याविरुद्ध कसं नाकारू? तुम्ही सफेदी केलीत, खूण केलीत, आणि आता म्हणता तो दगड आपला नव्हे. मुलांनी असं उत्तर लिहिलं तर मी 'रीत दाखवा' असा शेरा मारते.

बंदर-कचेरीत जाऊन नकाशाही पाहिला. त्यात जुनी वाट दाखवलेलीच नाही, नुसतं "खडकाळ भाग" एवढंच. म्हणून काल आम्ही चाचणीच घेतली. मी आणि जाळी विणणारा शेजारी, त्याच्या चपट्या तळाच्या होडीतून, भरतीला, मोठ्या दगडाच्या रोखाने आत आलो. सरळ. कुठे काही खरचटलंसुद्धा नाही. आता सांगा.

आई म्हणते, तुमचं आणि आजोबांचं बिनसलं होतं, म्हणून त्यांच्या वाटेने कुणी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं. मी तिला म्हटलं, तसं नसेल. पण खरं सांगू? आता मलाही तसंच वाटायला लागलंय. आजोबांनी तुमचे चार पत्ते जपले. तुम्ही त्यांच्या मातीला आला नाहीत.

तीसला दुपारी चारला आम्ही निघणार. सात नावा, बेचाळीस माणसं. कारण असेल तर कारण लिहा. नुसती आज्ञा मला पुरत नाही.

भिंगरी

तार. २६ मार्च

चपट्या होडीस गुडघाभर पाणी पुरते कप्तानाच्या नावेस छातीभर लागते. मोठ्या दगडाच्या रोखाने येऊ नये. कारणाचे पत्र निघाले. ते वाचल्याशिवाय नांगर उचलू नये. शिडवाला

२६ मार्च

चिरंजीव भिंगरीस,

तू कारण मागितलेस. देतो.

तुझे पत्र सकाळी आले. तेव्हापासून मी तीन कागद फाडले. लेक म्हणाली, "बाबा, शिवण उसवल्यासारखे कागद काय फाडताय?" हा चौथा कागद आहे आणि हा फाडणार नाही. जावई तो स्वतः स्टेशनावर जाऊन टपालाच्या डब्यात देणार आहे. चार दिवस लागतील असे तो म्हणतो. म्हणजे तुमच्या निघण्याच्या वेळेस जेमतेम.

दगडाच्या सफेदीस दोन माणसे लागतात, असा आमच्याकडे नियम होता. एकाने वर सफेदी करावयाची, दुसऱ्याने खाली वाटेच्या तोंडाशी नावेत बसून रोख बरोबर आहे की नाही हे डोळ्याने पाहावयाचे, व फडके हलवून वरच्यास सांगावयाचे. तो नियम आमच्या वडिलांच्याही आधीचा. त्या वर्षी कप्तान चर्चच्या छतासाठी लाकूड आणावयास धाकट्या भावासह तीन आठवडे बाहेर होता. मी थांबू शकलो असतो. मी थांबलो नाही. दोन माणसांचे काम मी एकट्याने करून दाखवीन, असा अभिमान मला झाला.

वर गेलो तर पावसाने माती घसरून लहान दगड अर्धा झाकला गेला होता. तो मोकळा करावयास अर्धा दिवस लागला असता. शेजारी मोठा दगड स्वच्छ उभा होता. मी विचार केला की हा अधिक चांगला दिसेल. बारा पावलांनी काय बिघडते, असे मला वाटले. मी शिडे शिवतो; शिडात बारा बोटांची चूक मी कोणास करू दिली नसती. सफेदी केली. खोबणीत सुई काढली. क्रूस काढणारा तेथे नव्हता. तुला जो क्रूस दिसला नाही, तो पावसाने धुऊन नेलेला नाही. तो कधी काढलाच गेला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांची नाव दिसली. वारा वाढला होता, उजेड कमी होत होता. मी धक्क्यावर उभा राहून माझा दगड पाहत होतो. काळ्या डोंगरावर तो असा चमकत होता की मी शेजारच्यास म्हणालो, "बघा, कसा दिसतो." कप्तान आधी बरोबर वाटेने येत होता. नंतर त्यास दगड दिसला. त्याने सुकाणू थोडे फिरविले व घंटाघराचे टोक दगडाखाली आणले. मी पाहिले, भिंगरी. त्याच्या हातास वाट ठाऊक होती. त्याने हातापेक्षा माझ्या दगडावर अधिक विश्वास ठेवला.

आवाज धक्क्यापर्यंत आला. कप्तानास आम्ही काढले. भाऊ लाकडाखाली गेला.

पहाटे उजाडताच मी डोंगरावर गेलो. कप्तान आधीच तेथे होता, तारेचा ब्रश आणि बादली घेऊन मोठा दगड खरवडीत. बगलेतील खोबण त्याच्या नजरेतून सुटली असावी. त्याच्या दोन्ही हातांस चुन्याने चिरा पडल्या होत्या. त्याने माझ्याकडे न पाहता म्हटले, "तू आज इथे आला नाहीस. काल माझ्याकडून सुकाणू चुकलं." मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना." तो म्हणाला, "तुझ्या घरात तीन दिवसांची बाळंतीण आहे. उद्यापासून तुझ्याकडे शीड शिवायला कोण येईल? मला लोक बोलतील, पण माझ्या नावेत बसणं सोडणार नाहीत. जा घरी." आणि मी घरी गेलो.

एवढेच घडले. मी घरी गेलो. दोन महिन्यांनी गाव सोडले, कारण चर्चच्या दारात तो मला पूर्वीसारखा बाकावर बसवीत असे, व ते मला सहन होत नव्हते. त्याची नजर मी टाळली, त्याने माझी टाळली नाही. येथे येऊन चाळीस वर्षे मी तंबू शिवले. पापनिवेदनास गुडघे टेकून इतर सर्व पापे सांगितली, हे एक सांगितले नाही. तुझ्या आत्याच्या वडिलांचा जीव माझ्या सफेदीने घेतला, आणि तिने आयुष्यभर चुकीच्या माणसाचा राग केला.

हे पत्र फादरांनी किंवा तू सर्वांसमोर वाचावे. तुझ्या आत्यास पुढच्या बाकावर बसवावे. गाळून काही वाचू नये.

आणि कृपा करून मोठ्या दगडाकडे पाहून येऊ नये.

शिडवाला

२ एप्रिल

ती. शिडवाले आजोबांना,

तुमच्या तारेने आधी भांडण झालं, ते आधी सांगते. खजिनदार म्हणाला, "तारेवर विश्वास ठेवून बेचाळीस माणसांना धक्क्यावर वाळत घालायचं का?" मी म्हटलं, "नांगर माझ्या नावेचा आहे. बाकीच्यांनी जायचं तर जावं." कोणी गेलं नाही, पण कोणी माझ्याशी बोललंही नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. भरती चढत होती. मोठा दगड डोंगरावर इतका सुंदर दिसत होता की माझा मलाच राग येत होता. साडेचारला टपालवाला सायकल दामटत आला.

मी धक्क्यावर उभी राहूनच वाचलं. मग चर्चमध्ये गेलो, सगळे. फादर म्हणाले, "हे आधी माझ्या खोलीत वाचू या का?" मी म्हटलं, "त्यांनी गाळू नका म्हटलंय." आणि मीच वाचलं. आत्याला पुढच्या बाकावर बसवलं होतं. तुम्ही लिहिलंत तिथपर्यंत आले, की त्यांनी हातापेक्षा दगडावर विश्वास ठेवला, तेव्हा मी कागद आईच्या हातात दिला. आईने पुढचं वाचलं.

वाचून झाल्यावर आत्या उठली. बाकाला तिची साडी चिकटली होती, ती तिने हिसकून सोडवली आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी ती कुदळ घेऊन परत आली, आणि दारातूनच ओरडली, "बसलात काय? उजेड आहे तोवर चला."

बारा पावलं, उत्तर. झुडपं तोडली. आत्या स्वतः खणत होती, कोणाला कुदळ देईना. पुरुषभर नाही, पण कमरेएवढी माती निघाली. मग कुदळ खणकन लागली. शेळीएवढा, वरून चपटा. खजिनदार पुढे होऊन बघून आला आणि एवढंच म्हणाला, "शेळीच आहे."

माती हाताने पुसली. खाली सफेदी तशीच होती, थरांवर थर, कांद्यासारखी. आजोबा, आता नीट वाचा. सगळ्यात वरच्या थरावर, समुद्राकडच्या बाजूला, दोन खुणा आहेत. खिळ्याने खोलवर कोरलेल्या, चुन्यातून दगडापर्यंत. एक क्रूस. आणि त्याच्या शेजारी एक सुई. पण ही सुई खोबणीतल्या सुईसारखी नाही. ही जाड आहे. माशासारखी.

मी सगळ्यांना सांगितलं, त्या सकाळी माझ्या आजोबांनी मोठा दगड खरवडला आणि मग हा मोकळा करून सफेदी केली. आणि तुमची खूण स्वतःच्या हाताने काढली, म्हणजे कोणी वर येऊन बघितलंच, तर तुम्ही दोघांनी मिळून बरोबर दगडाला सफेदी केली होती, असंच दिसावं. आत्या गुडघ्यावर बसून त्या सुईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावाचं प्रेत घरात असताना हा माणूस इथे बसून मासा काढत होता." तिच्या आवाजात राग होता की काय होतं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन बघितलं. मोठ्या दगडाच्या रोखावर करवतीचे दात वर आलेले होते, ओळीने. आजोबांची नाव त्यांच्यावरून गेली नसती. मी तिथे बसून बेचाळीस नावं मोजली. पुन्हा मोजली.

घंटेवर नाव कोरायचं ठरलंय. आत्या म्हणाली, दोघा भावांची कोरा. तुमच्याबद्दल मी तिला विचारलं. इस्त्री थांबवून ती म्हणाली, "माफीचं मला माहीत नाही. पत्रात माफ करणं सोपं असतं. त्याला म्हणावं, माझ्यासमोर येऊन उभा राहा. मग बघू."

मोठा दगड आम्ही खरवडला. लहान दगड तसाच ठेवलाय. सफेदीला दोन माणसं लागतात, असं तुम्हीच लिहिलंत. वाटेच्या तोंडाशी नावेत मी बसेन. वर कोण?

तुमची,
भिंगरी

७ एप्रिल

चिरंजीव भिंगरीस,

तुझे पत्र लेकीने मला दोनदा वाचून दाखविले, कारण दुसऱ्या पानानंतर मला अक्षर दिसेना.

ती जाड सुई मी काढलेली नाही, हे लेखी नमूद करतो.

मी येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीने निघत आहे. जावई सोबत येतो म्हणत होता, नको म्हटले. डोंगर मी चढेन. वेळ लागल्यास खाली नावेत थांबावे लागेल, त्याची तयारी ठेवावी. चुना आदल्या दिवशी भिजवून, दोनदा गाळून ठेवावा. खिळा मी घेऊन येतो. फडके तुझे तू आण, पांढरे नको, दिसणार नाही.

सफेदीस मी येण्याआधी कोणी हात लावू नये.

स्टेशनावरून मी प्रथम लॉन्ड्रीत जाईन. तुझ्या आत्यास तसे कळवावे. बसावयास खुर्ची ठेवू नये असेही सांगावे. मी उभाच राहणार आहे.

शिडवाला